ब्रीडाबाईंच्या घरातलं भूत, आवृत्ती १.४

पोलिसांनी मला आयुष्यात एकदाच हटकलं, आणि नेमकी तेव्हाच माझ्या डोक्यावर माकडटोपी होती.

डिसेंबर २०१०ची गोष्ट. डब्लिनमध्ये असा बर्फ पडला होता की कंपनीने आम्हाला तीन दिवस येऊच नका म्हणून सांगितलं. शाळा बंद, बस बंद, ओंगारमधल्या आमच्या एकसारख्या घरांच्या रांगा पांढऱ्या होऊन आणखीच एकसारख्या दिसत होत्या. वसाहतीच्या मागच्या गल्लीत एक जुनं दगडी घर होतं, आमची वसाहत शेत होती तेव्हापासूनचं. मी ट्रायपॉड रोवून त्याच्या कुंपणावरून फोटो काढत होतो. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे त्या महिन्यात तिथे दिवे लागायची वेळ. एक गाडी हळूच येऊन थांबली आणि त्यातून एक तरुण गार्डा उतरला. तिथे पोलिसाला गार्डा म्हणतात.

"काय चाललंय?" त्याने अगदी सौम्यपणे विचारलं.

"मी झपाटलेलं घर शोधतोय," मी म्हणालो.

विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं ही माझी धंद्यातली खोड आहे. मी इंजेक्शनच्या सुया बनवणाऱ्या कारखान्यात व्हॅलिडेशन इंजिनिअर. यंत्र चालवणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. यंत्र व्यवस्थित चालतं असं कागदावर सिद्ध करून मी त्याखाली सही करतो. अशा माणसाला खोटं बोलायचा सराव राहत नाही.

"मग, सापडलं का?" गार्डाने विचारलं.

"हे बरं वाटतंय."

तेवढ्यात त्या घराचं दार उघडलं आणि हातात कोळशाची बादली घेऊन पंचाहत्तरीच्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी आधी गार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ट्रायपॉडकडे. "तो माझ्याकडे आलाय," त्या गार्डाला म्हणाल्या. गार्डाने टोपीला हात लावला आणि तो निघून गेला. बाई मला म्हणाल्या, "आता आलाच आहेस तर माझा नळ गोठलाय. बादलीभर पाणी आणून दे."

अशी आमची ओळख झाली. त्यांचं नाव ब्रीडा कीगन. मी त्यांना मिसेस कीगन म्हणालो, तर "ब्रीडा म्हण" म्हणाल्या. आईच्या वयाच्या बाईला नुसतं ब्रीडा म्हणणं माझ्या जिभेला जमेना. पुढे दीड वर्ष मी त्यांना कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मनात मात्र ब्रीडाबाईच म्हणत असे.

झपाटलेलं घर मला हवं होतं ते कंप्युटर गेमसाठी. बर्फाच्या पहिल्याच दिवशी मला लहानपणचे ते गेम आठवले होते, ज्यात बंदुका नसतात, पळापळ नसते. पडद्यावर एका खोलीचं चित्र असतं. तुम्ही टेबलावर क्लिक करा, ड्रॉवर उघडतो. त्यात किल्ली असते. किल्ली कपाटाला लावा, कपाटात पत्र असतं. असं करत करत घराचं रहस्य उलगडायचं. असे गेम आता हौशी लोक घरबसल्या एकटे बनवतात, त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हे मी वाचलं आणि माझ्या अंगात आलं. मी आधी कागद तयार केला. "भुताविषयीच्या अपेक्षा", पाने चौदा. कलम ३.१: भुताने खेळाडूस घाबरवावे (अनिवार्य). कलम ३.२: भूत दिसण्यापूर्वी ऐकू यावे.

बायकोने, उर्मिलाने, ती चौदा पानं वाचली. ती सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे आणि त्या आठवड्यात बर्फात घसरून मनगट मोडलेल्या लोकांची रांग हाताळून आली होती. "उपेंद्र, तुझं भूत ऑडिटला बसणार आहे का?" एवढंच ती म्हणाली आणि झोपायला गेली.

ब्रीडाबाईंना मी गेमचं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एकच विचारलं, "चहात दूध आधी की नंतर?" मग म्हणाल्या, "काढ हवे तितके फोटो. वर्षभर घर विकायला काढलंय, एक माणूस बघायला आलेला नाही. कोणीतरी बघतंय, हेच ग्रँड." तिथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. त्यांचे पती गेले होते आणि मुलगी कॉर्कला होती. मुलीचं म्हणणं, आई, आता एकटी राहू नकोस. पण तेव्हा मंदीमुळे आयर्लंडात घरं विकली जात नव्हती. अर्धवट बांधून सोडलेल्या वसाहतींना तर पेपरवालेच भुताच्या वसाहती म्हणत. माझं भूत त्या मानाने चांगल्या, पूर्ण बांधलेल्या घरात राहणार होतं.

फोटोंवर मी कंप्युटरवर रंग चढवत असे. घर ओळखू येणार नाही इतकं बदलेन, असा शब्द मी ब्रीडाबाईंना दिला होता आणि तो मनापासून दिला होता. फक्त मला चित्र काढता येत नाही. मी खिडक्यांवर कोळ्यांची जाळी काढली, भिंतींवर ओल काढली, छताला तडे पाडले. घर तेच राहिलं. नुसतं आजारी दिसू लागलं.

याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सँडीफोर्डहून आमचा मित्र जयेश आला. जयेश सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या गेमवर त्याचा नैसर्गिक हक्क. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, त्याने माझा माउस हातात घेतला आणि म्हणाला, "यार, स्लो आहे. झोंबी टाक. लोकांना झोंबी लागतात." त्याची बायको विद्या म्हणाली की भूत मराठी का नाही, आपली ओळख कुठे आहे यात. माझी अकरा वर्षांची ईशानी सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, इट्स ग्रँड, बट इट्स नॉट वन बिट स्केअरी." तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीतच देते, एवढंच. कलम ३.१ अनिवार्य असताना मी घरातच नापास झालो.

कंपनीतली भानगड वेगळीच. कर्मचाऱ्याने बाहेरचा कुठलाही उद्योग केला तर तो जाहीर करायचा, असा नियम. मी अर्थातच जाहीर केला. एचआरने सहा आठवडे विचार केला आणि विचारलं की या गेममध्ये एखादं वैद्यकीय उपकरण आहे का, असल्यास ते कंपनीच्या उत्पादनांशी स्पर्धा करतं का. मी लिहिलं की भुताच्या हातात चालायची काठी आहे. त्यांनी कळवलं की काठी वैद्यकीय उपकरणात मोडू शकते, विचारून सांगतो. आणखी तीन आठवडे गेले. शेवटी मी भुताची काठी काढून घेतली आणि छत्री दिली. भूत त्यामुळे जरा बँकेत निघाल्यासारखं दिसायचं, पण परवानगी मिळाली.

आता राहिला आवाज. एप्रिलमध्ये सासरे आले होते, गुरुनाथ, आम्ही त्यांना नाना म्हणतो. कराडच्या एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं कंट्रोलर होते. माइकवर गाड्या पुकारायचे. असा आवाज घरात फुकट बसलेला असताना मी बाहेर कशाला जाऊ?

"नाना, तुम्ही भूत व्हाल का?"

"हुईन की," नाना म्हणाले. "पण जावईबापू, भुताला कसली घाई नसती. तुमी मला लवकर आटपा म्हणायचं न्हाई."

मी माइक लावला आणि आवाज तपासण्यासाठी काहीही बोला म्हणालो. नाना सरसावून बसले आणि म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कराडहून चिपळूणकडे जाणारी सहा दहाची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." त्यावर मी सॉफ्टवेअरमधून घुमारा चढवून पाहिला, वेग निम्मा करून पाहिला. झकास झालं. ती फाइल मी 'भूत फायनल' म्हणून ठेवली. मग नानांनी भुताची खरी वाक्यं म्हटली, "निघून जा" वगैरे. ती 'भूत फायनल दोन'. सप्टेंबर २०११ मध्ये मी गेम इंटरनेटवर फुकट ठेवला, तेव्हा त्यात गेली ती पहिली फाइल. फायलींच्या आवृत्त्या सांभाळण्याचा मी अकरा वर्षं पगार घेत होतो. हे मी कोणाला सांगितलं नाही. आज प्रथमच लिहितोय.

पहिल्या महिन्यात एकेचाळीस जणांनी गेम उतरवून घेतला. त्यातली सहा वेळा मीच होतो. मग एका जर्मन माणसाने आपल्या संकेतस्थळावर त्याच्याविषयी दोन पानं लिहिली. त्याच्या मते इतकं अस्सल भूत त्याने गेल्या दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. भूत कुठल्या तरी लुप्त भाषेत शाप देतं, आणि विशेषतः 'चिपळूण' या शब्दाला आपल्या मानेवरचे केस उभे राहिले, असं त्याने लिहिलं. महिन्याभरात नऊ हजार लोकांनी गेम उतरवला. लोक त्या शापाचा अर्थ लावण्याबद्दल वाद घालू लागले. उर्मिलाने ते वाचलं आणि हॉस्पिटलला जायला निघालेली ती पुन्हा खाली बसली. हसू आवरेपर्यंत तिची बस गेली.

मी मात्र आठ दिवस तरंगत होतो. कँटीनमध्ये उगाच सावकाश चालायचो.

नवव्या दिवशी घराच्या एजंटचा फोन आला. इतक्या दिवसांनी ब्रीडाबाईंच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. तरुण जोडपं, घर आवडलेलं, बोलणी जवळजवळ पक्की. दुसऱ्यांदा बघायला आलं, तेव्हा ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थबकली आणि म्हणाली, मी इथे येऊन गेलेय. मग तिने खिशातून फोन काढून नवऱ्याला गेमचं चित्र दाखवलं. तीच खिडकी, तीच चूल, तेच कपाट. वर जाळी. दोघांनी चहासुद्धा घेतला नाही. "हे तुम्ही केलंय," एजंट थंडपणे म्हणाला. "ते ताबडतोब काढून टाका. आणि त्या बाईंना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

मी गेम काढला, पण तो तोवर आठ ठिकाणी पोचला होता. आठही ठिकाणी विनंतीपत्रं लिहिली. दोघांनी काढला, पाच जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने कळवलं की तुम्हीच लेखक आहात याचा पुरावा म्हणून गेममधल्या भाषेत चार ओळी लिहून पाठवा. मी मराठीत चार ओळी पाठवल्या. त्याने आभार मानले आणि त्या गेमच्या पानावर शापाचा नवा नमुना म्हणून छापल्या.

त्यात माझी खंत मात्र खरी होती. एका म्हाताऱ्या बाईने अनोळखी माणसाला पोलिसांपासून वाचवलं, घरात घेतलं, नऊ महिने चहा पाजला, आणि मी तिचं घर नऊ हजार लोकांना झपाटलेलं म्हणून दाखवून आलो. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग गिऱ्हाईक शोधण्याच्या इराद्याने मी जयेश-विद्यालाच घर दाखवायला नेलं. दिवाळीला पुन्हा आलेले नानाही बरोबर होते. विद्याने दाराची दिशा पाहिली, नानांना बाजूला घेतलं आणि कुजबुजत विचारलं, "नाना, खरं सांगा, इथे काही नाही ना?"

"असलं तरी ते इंग्रजी असंल," नाना म्हणाले. "तुमाला कशाला त्रास दील?"

विद्याने घर नाकारलं.

शेवटी मी लॅपटॉप घेऊन ब्रीडाबाईंकडे गेलो. नाना बरोबर आले. मी सगळं सांगितलं. गिऱ्हाईक का गेलं, कोणामुळे गेलं, ओळखू येणार नाही हा शब्द मी कसा पाळू शकलो नाही, सगळं. ब्रीडाबाई ऐकत होत्या. त्यांनी चहा ओतला. मग म्हणाल्या, "दाखव तरी, काय आहे ते."

त्यांनी माउस कधी धरला नव्हता. मी दाखवलं, कुठे दाबायचं. त्या स्वतःच्या दारातून आत गेल्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि पडद्याजवळ वाकून पाहू लागल्या. मला वाटलं आता रडतील.

"माझ्या प्रेसवर जाळी?" त्या म्हणाल्या. आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात. "त्रेपन्न वर्षांत या घराच्या एका कोपऱ्यात जाळं दिसलं नाही. माझ्या सासूने पाहिलं असतं तर तुला हाकलून दिलं असतं."

मी माफी मागितली. त्या पुढे गेल्या. जिन्यावर नानांचा आवाज घुमला, तशा त्या दचकल्या, आणि मग वळून नानांकडे पाहू लागल्या. नाना ओशाळून हसले. ब्रीडाबाईंनी मला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"बस आली आहे, असं."

"मग याला काढायचं कशासाठी?" मी त्यांना गेमचा शेवट सांगितला होता. खेळाडू शेवटी भुताला घराबाहेर घालवतो. "घर त्याचंच आहे ना? तो कोणाला काही करत नाही. उभा राहतो, बोलतो. दार उघडून आत तुम्ही येता, त्याची कपाटं उचकता, आणि वर त्यालाच बाहेर काढता?"

मी मनातल्या मनात कलम ३.१ खोडलं.

"युअर मॅन एजंटला मी बघते," त्या म्हणाल्या. युअर मॅन म्हणजे आयरिश बोलीत 'तो गडी'. "हा गेम तू परत ठेव. पण जाळी पुसून टाक."

पुढच्या आठवड्यात मी घर स्वच्छ केलं. आठ दिवस मी कंप्युटरवर भिंती पुसत होतो, आणि आठव्या दिवशी उर्मिलाने विचारलं की हाच उत्साह आपल्या बाथरूममध्ये दाखवशील का. शेवटही बदलला. आता खेळाडू किटली ठेवतो आणि भुतासमोर बसतो. ही झाली आवृत्ती १.१. जयेश म्हणाला, आता याला हॉरर कोण म्हणेल. कोणीच म्हटलं नाही.

घर विकलं गेलं ते २०१२च्या वसंतात, एका घोड्यांच्या डॉक्टरला. त्याला कंप्युटर चालू कुठून करतात हे माहीत नव्हतं. अंगणात दोन घोडे मावतील का, एवढंच त्याने विचारलं. ब्रीडाबाई कॉर्कला गेल्या, रिंगास्किडीच्या कारखान्यांच्या अलीकडे मुलीचं घर आहे तिथे. निघताना त्यांनी, त्या एप्रिलमध्येही आलेल्या नानांना, केक दिला आणि नानांनी त्यांना वाकून नमस्कार केला. नाना सत्तर वर्षांचे. त्यांचं वाकून होईपर्यंत टॅक्सीवाला थांबला.

दोन महिन्यांनी मी त्या गल्लीतून गेलो, तर स्वयंपाकघराची भिंत पाडली होती आणि बाहेर मलब्याच्या लोखंडी पेटीत जुनं कपाट उलटं पडलं होतं. ते ब्रीडाबाईंना सांगायचं नाही असं मी ठरवलं. त्याच संध्याकाळी त्यांचाच फोन आला. त्यांना शेजारणीकडून आधीच कळलं होतं.

"उपेन," त्या मला उपेन म्हणत, "मुलीने मला तो गेम लावून दिलाय. रोज चहानंतर जाऊन येते. पण त्यात एक चूक आहे."

"कोणती?"

"मागचं दार तू बाहेर उघडतोस. ते आत उघडतं. खालून पायाने जरा उचलावं लागतं."

मी कंपनीतल्यासारखा दुरुस्तीचा फॉर्म भरला आणि दार आत उघडलं. आवृत्ती १.२. नंतरच्या फोनला खिडकीखालचा ड्रॉवर आला. तो उघडत नव्हता, आणि त्यात सुतळी आणि मेणबत्त्यांचे तुकडे हवेत. मग जिन्याची तिसरी पायरी. ती करकरायची, आणि पायरी तर आता जागेवर नव्हती. मी कराडला फोन केला. नानांनी ओसरीवरच्या बाकाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. ब्रीडाबाईंनी ऐकला आणि म्हणाल्या, जवळपास आहे, पण जास्त लांबतो आमचा. नानांनी पुन्हा पाठवला. या वेळी बाकावर शेजाऱ्यालाही बसवलं होतं. आवृत्ती १.३.

या सगळ्याचा खेळाला काही उपयोग नव्हता. ड्रॉवरमधल्या सुतळीने काही सुटत नाही, पायरी करकरून काही घडत नाही. दुरुस्तीचं कारण या रकान्यात मी 'वापरकर्त्याची मागणी' असं लिहीत होतो. वापरकर्ता एकच होता.

ऑक्टोबरात पुन्हा त्यांचा फोन आला.

"स्वयंपाकघराच्या दारामागे एक खुंटी होती. तुझ्या चित्रात ती रिकामी आहे."

"मी फोटो काढले तेव्हा रिकामीच होती."

"हो. एजंटने सांगितलं होतं, पसारा आवरा. म्हणून मी काढून ठेवला होता. ख्रिस्टीचा कोट. तपकिरी, कोपरावर ठिगळ." ख्रिस्टी म्हणजे त्यांचे पती. "मुलीकडे तो टांगायला जागा नाही. बॅगेत आहे."

"मी काढतो," मी म्हणालो. "त्यावर क्लिक केल्यावर काय व्हायला हवं? खिशात काही सापडू दे का? किल्ली, पत्र?"

"काही नको," ब्रीडाबाई म्हणाल्या. "तो तसाच असायचा."

मला चित्र काढता येत नाही हे मी आधी सांगितलंच आहे. त्या कोटावर मी तीन रविवार घालवले. ईशानी मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या हातातून माउस घेऊन तिने बाहीची घडी नीट केली. त्या रात्री १.४ मी इंटरनेटवर ठेवली.

नोव्हेंबरात फिनलंडच्या एका खेळाडूचं पत्र आलं. रागावलेला होता. त्याने लिहिलं होतं की नव्या आवृत्तीत दारामागे एक कोट आहे, मी त्यावर चाळीस वेळा क्लिक केलं, घरातली प्रत्येक वस्तू त्याच्यावर वापरून पाहिली, छत्रीसुद्धा, पण काहीही होत नाही. हा दोष आहे का, आणि असल्यास कधी दुरुस्त होणार?

मी त्याला त्याच दिवशी उत्तर लिहिलं. दोष नाही, कोट तपासून तिथे ठेवलेला आहे, आणि खाली सही केली.